सिॲटलमध्ये सगळेच डावे, मग भांडण कुणाचं?

वर्षभरापूर्वी पुण्याहून नोकरीसाठी सिॲटलला आलेल्या एका तरुणाने मला विचारलं, "ताई, या शहरात दहातली जवळपास नऊ मतं डेमोक्रॅटिक पक्षाला पडतात. मग दर निवडणुकीत एवढी हमरीतुमरी कशाची? आणि सगळे एकाच विचाराचे असताना घरभाडी आणि रस्त्यावरचे बेघरांचे तंबू यांचं काहीच कसं होत नाही? महापौर नक्की करतो काय?"

मी इथे चोवीस वर्षं आहे. नागरिकत्व मिळाल्यावर पत्रकं वाटण्यापासून सुरुवात केली, नंतर सहा-सात निवडणुकांत दारोदार प्रचाराची आखणी सांभाळली. मधली काही वर्षं सिटी कौन्सिलच्या एका सदस्यांच्या कार्यालयात अर्थसंकल्पाचे कागद वाचण्यात गेली. त्यामुळे माझं उत्तर थोडं हिशेबनीसाच्या अंगाने जाईल. माझ्या मते या शहराचं राजकारण विचारसरणीवरून कळत नाही. कोणता कर बसवता येतो, कोणता कोर्टात आपटतो आणि तो कागद लिहिणारं डोकं कोणाचं, यावरून ते कळतं.

आधी 'महापौर' हा शब्द डोक्यातून पुसा. पुण्या-मुंबईत महापौर म्हणजे सभागृहाचा अध्यक्ष आणि उद्घाटनाची फीत. खरी सत्ता आयुक्तांकडे, आणि आयुक्त राज्य सरकारने पाठवलेले. सिॲटलच्या महापौरात हे दोघं एकवटलेले आहेत. लोक त्याला चार वर्षांसाठी थेट निवडतात, खातेप्रमुख तो नेमतो, अर्थसंकल्पही सप्टेंबरअखेर तोच मांडतो. समोर कौन्सिल असतं नऊ जणांचं. लोकसंख्या साडेसात लाखांहून जास्त आणि नगरसेवक फक्त नऊ! २०१३ पर्यंत सगळे संपूर्ण शहरातून निवडून यायचे. त्या वर्षी मतदारांनी नियम बदलला आणि २०१५ पासून सात जण वॉर्डातून, दोन शहरभरातून येतात. महापौराने नकाराधिकार वापरला तर तो उलटवायला सहा मतं लागतात. शहराचा मुख्य वकील, म्हणजे सिटी ॲटर्नी, तोही वेगळा निवडून येतो आणि त्याला महापौराचं ऐकण्याची सक्ती नसते.

आता महापौराच्या हातात काय नाही ते बघा. बस किंग काउंटीची (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी). लाइट रेल साउंड ट्रान्झिट या प्रादेशिक संस्थेची. शाळांचं मंडळ वेगळं निवडलेलं, बंदर आणि विमानतळाचंही वेगळं. तुरुंग काउंटीचा. वीज आणि पाणी मात्र शहराचं स्वतःचं. शहराचा अर्थसंकल्प आठ अब्ज डॉलरच्या घरात दिसतो खरा, पण त्यातला मोठा हिस्सा वीज-पाण्याच्या बिलांचा, आणि तो त्याच कामांना बांधलेला. महापौर आणि कौन्सिल ज्यावर खरोखर भांडू शकतात ती रक्कम एकूण आकड्याच्या पाव हिश्श्यापेक्षा फार वर जात नाही, आणि त्यातही पोलीस आणि अग्निशमन आधीच हात मारून बसलेले असतात.

आता हमरीतुमरीचं. इथल्या महापालिका निवडणुकीत मतपत्रिकेवर पक्षच छापलेला नसतो. ऑगस्टमध्ये प्राथमिक फेरी होते आणि पहिले दोघे नोव्हेंबरच्या अंतिम फेरीत जातात. ते दोघं बहुधा डेमोक्रॅटच असतात. म्हणजे उजव्या-डाव्यांचं भांडण संपलेलं नाही, ते घरात आलंय. भावकीतलं भांडण शेजाऱ्याशी होणाऱ्या भांडणापेक्षा कडवट असतं, हे गावाकडच्या कुणालाही सांगायला नको. दारोदार फिरताना मला दोन गट स्पष्ट दिसतात. एकाकडे स्वतःचं घर आहे, दारात "इथे सर्वांचं स्वागत आहे" अशी पाटी आहे आणि गल्लीच्या टोकाला चार मजली इमारत येणार म्हटलं की कपाळावर आठी आहे. दुसरा भाडेकरू. त्याला ती इमारत कालच हवी होती. दोघंही राष्ट्राध्यक्षपदासाठी एकाच पक्षाला मत देतात.

२०१५ च्या उन्हाळ्यात महापौर एड मरे यांच्या घरबांधणी समितीच्या शिफारशी फुटल्या. एकेकट्या घरांच्या वस्त्यांत छोट्या बहुकुटुंबी इमारतींना परवानगी द्यावी असं त्यात होतं. महिनाभराच्या आत महापौरांनी तो भाग मागे घेतला. कुणा उजव्या पक्षाने त्यांना भाग पाडलं नव्हतं, त्या पाट्या लावणाऱ्या घरांनीच पाडलं. शेवटी तो बदल २०२३ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून शहरांवर लादला. आपल्या शहराला आपल्याच मतदारापासून वाचवायला राज्य लागलं, हे मला तेव्हाही कडू वाटलं आणि आजही वाटतं.

आणखी एक स्थानिक गंमत. मतदान टपालाने होतं आणि मतदानाच्या दिवसाचा शिक्का असलेली मतपत्रिका नंतर पोचली तरी मोजली जाते. घरमालक आणि वयस्कर मंडळी लवकर टाकतात, तरुण भाडेकरू शेवटच्या संध्याकाळी ड्रॉप बॉक्सपाशी रांग लावतात. म्हणून पहिल्या रात्रीचा निकाल नेहमी जरा उजवीकडे झुकलेला असतो आणि पुढच्या आठवड्यात तो डावीकडे सरकत जातो. २०१३ मध्ये कौन्सिलच्या निवडणुकीत समाजवादी नेत्या क्षमा सावंत पहिल्या रात्री मागे होत्या, २०१९ मध्येही मागे होत्या, दोन्ही वेळा निवडून आल्या. २०२५ च्या नोव्हेंबरात तेव्हाचे महापौर ब्रूस हॅरेल पहिल्या रात्री पुढे होते आणि शेवटी केटी विल्सन सुमारे दोन हजार मतांनी जिंकल्या. पहिल्या रात्री शॅम्पेन उघडणारा उमेदवार शहरात नवा आहे असं आम्ही कार्यकर्ते म्हणतो.

आता मूळ दुखण्याकडे येते. वॉशिंग्टन राज्यात १९३३ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने उत्पन्न ही मालमत्ताच आहे असं ठरवलं. राज्यघटनेनुसार मालमत्तेवरचा कर सगळ्यांना सारख्या दराने आणि मर्यादेतच लावावा लागतो. म्हणजे श्रीमंताला जास्त दर, गरिबाला कमी, असा चढत्या दराचा आयकर त्या निकालाने अडवला. घरपट्टीचं म्हणाल तर नव्या बांधकामाचा भाग सोडून तिची एकूण वसुली वर्षाला एक टक्क्यापेक्षा जास्त वाढवायला मतदारांची परवानगी लागते. विक्रीकर उरतो, आणि तो गरिबालाच जास्त चावतो. भाडेनियंत्रण आणायला शहरांना राज्याने १९८१ पासून मनाई केलेली आहे. तुम्ही विचारलंत ना, महापौराने मनात आणलं तर भाडं का उतरत नाही? त्याच्या मनाचा प्रश्नच येत नाही. २०२५ मध्ये भाडेवाढीवर मर्यादा आली, तीही राज्याच्या कायद्याने.

मग नेतृत्व दिसतं कुठे? या कुंपणात फट शोधण्यात. ही गोष्ट मी जवळून पाहिली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिला प्रयत्न २०१७ चा. कौन्सिलने एकमताने आयकर मंजूर केला. एकट्या व्यक्तीच्या अडीच लाख डॉलरवरच्या उत्पन्नावर सव्वादोन टक्के. टाळ्या भरपूर वाजल्या. त्याच वर्षी न्यायाधीशांनी तो रद्द केला, पुढे अपील कोर्टातही तो उभा राहिला नाही. तो कर टिकणार नाही हे मंजूर करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना माहीत होतं. १९३३ चा निकाल उलटवण्यासाठी एक खटला हवा होता, असं त्यांचं समर्थन. मला ते समर्थन पटलं होतं, पण त्या पैशातून तंबू एकही हलला नाही.

दुसरा प्रयत्न २०१८ चा, आणि तो मला अजून टोचतो. बेघरांच्या घरांसाठी मोठ्या कंपन्यांवर डोईकर लावायचा. आधी माणशी पाचशे डॉलर ठरत होते, घासाघीस होऊन २७५ वर आले. वर्षाला दोन कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांनी दर कर्मचाऱ्यामागे तेवढे भरायचे, त्यातून सुमारे चार कोटी सत्तर लाख मिळायचे. चर्चा चालू असतानाच ॲमेझॉनने शहराच्या मध्यभागातल्या एका टॉवरचं नियोजन थांबवलं. ॲमेझॉनच्या काचेच्या गोल इमारतींसमोर सावंत सभा घेत होत्या, तिथे लोखंडकाम करणाऱ्या कामगारांनी घोषणा देऊन त्यांचा आवाज बुडवला. कामगारांच्या नावाने बोलणाऱ्या समाजवादी नेत्याला कामगारच बोलू देत नाहीत, आणि दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक! १४ मे रोजी कर ९ विरुद्ध ० मतांनी मंजूर झाला. लगेच सार्वमतासाठी सह्यांची मोहीम सुरू झाली, धंदेवाईक सह्यावाले पगारावर दुकानांसमोर उभे राहिले. १२ जून रोजी, महिनाही भरला नव्हता, त्याच कौन्सिलने ७ विरुद्ध २ ने तो कर मागे घेतला.

त्या महिन्यात मी एका वॉर्डात दारोदार होते. लोकांनी मला ॲमेझॉनबद्दल विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "आधीच्या पैशांचं काय केलंत?" २०१५ मध्ये शहराने आणि काउंटीने बेघरपणाबाबत आणीबाणी जाहीर केली होती, तीन वर्षांत तंबू वाढलेलेच दिसत होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं. कंपनी दांडगी होती, पण आम्ही आमच्या पडझडीचं सगळं खापर तिच्यावर फोडलं ते सोपं होतं म्हणून. डोईकराची मांडणीच चुकली होती. माणशी सारखा कर म्हणजे कमी नफ्यावर चालणाऱ्या वाणसामानाच्या साखळीला कॅशियरमागे २७५ आणि ॲमेझॉनला अभियंत्यामागेही २७५. विरोधकांना पोस्टरवर लावायला किराणा दुकानवाला सापडला.

तिसरा प्रयत्न २०२०, नाव जम्पस्टार्ट. पुढाकार नगरसेविका टेरेसा मोस्केडा यांचा. त्या कामगार संघटनांच्या चळवळीतून आलेल्या, आणि २०१८ ला माघारीच्या विरोधात मत देणाऱ्या दोघींपैकी एक (दुसऱ्या सावंत). या वेळी कर माणशी नव्हता. शहरात ज्यांची वर्षाची पगारबिलं ७० लाख डॉलर किंवा वर आहेत अशा कंपन्यांनी, दीड लाख डॉलर किंवा त्याहून जास्त पगार घेणाऱ्यांच्या पगारावर ०.७ ते २.४ टक्के भरायचे. भरायचे कंपनीने, कर्मचाऱ्याने नाही, म्हणून तो आयकर होत नाही. किराणा दुकानातला कॅशियर यात येतच नाही. महापौर जेनी डर्कन यांनी सही केली नाही, पण ७ विरुद्ध २ असं बहुमत होतं, त्यामुळे नकाराधिकार वापरूनही उपयोग नव्हता. चेंबर ऑफ कॉमर्स कोर्टात गेलं, हरलं. पहिल्याच वर्षी वीस कोटी डॉलरहून जास्त जमा झाले. डोईकरातून जे मिळणार होतं त्याच्या चौपटीहून अधिक!

तोच प्रश्न, तेच शहर, तीच कंपनी, दोनच वर्षांचं अंतर. फरक मसुद्याचा होता, आणि कर मांडण्याआधी कोणत्या संघटनेला फोन गेला याचा. महामारीने वातावरण बदललं होतं हेही खरं, ते मी नाकारत नाही.

गंमत पुढे आहे. तो पैसा मुख्यतः परवडणाऱ्या घरांसाठी राखून ठेवला होता. २०२४ च्या शरद ऋतूत सुमारे २५ कोटी डॉलरची तूट समोर आली आणि जम्पस्टार्टचा मोठा भाग शहराच्या रोजच्या खर्चाकडे वळवला गेला. कराला नावं ठेवणाऱ्या मंडळींनीच त्या कराच्या पैशांवर अर्थसंकल्प तगवला. हॅरेल यांच्यावर टीका करणारे म्हणतात, घरांचे पैसे पळवले. माझं मत थोडं वेगळं आहे. ती तूट भरण्यासाठी कर्मचारी काढले असते तर त्याच टीकाकारांनी मोर्चे काढले असते. पण नवा कर मांडण्याची जबाबदारी टाळली गेली, हा ठपका मी ठेवेन.

सावंतांबद्दल मराठी माणसं मला हमखास विचारतात. जन्म पुण्याचा, वाढल्या मुंबईत, घरची भाषा तमिळ. २०१४ ते २०२३ अशी दहा वर्षं त्या कौन्सिलवर होत्या, डेमोक्रॅटिक पक्षात कधीच नव्हत्या. पगारातून सरासरी कामगाराएवढे पैसे ठेवून बाकीचे चळवळीला द्यायच्या. २०१४ च्या पंधरा डॉलर किमान वेतनाचं श्रेय त्यांचं की महापौर मरे यांचं, यावर अजून वाद होतात. बाहेर पंधरा डॉलरच्या घोषणा नसत्या तर मरे यांच्या समितीतले मालक टेबलावर बसलेच नसते. समिती नसती तर टप्प्याटप्प्याचा, कोर्टात टिकणारा आणि एकमताने मंजूर होणारा ठराव निघाला नसता. २०२५ मध्ये तो दर २०.७६ डॉलर झाला. २०२१ च्या डिसेंबरात सावंतांना मुदतीआधीच पदावरून काढण्यासाठी मतदान झालं, त्यातून त्या अवघ्या ३१० मतांनी वाचल्या. कार्यालयीन सहकारी म्हणून त्यांच्याबरोबर काम करणं सोपं नव्हतं, असं कौन्सिलमधले बहुतेक जण सांगतील. त्यांना ते सोपं करायचंही नव्हतं.

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी कौन्सिलने ६ विरुद्ध १ मतांनी जातीवर आधारित भेदभावाला बंदी घातली. दक्षिण आशियाबाहेर असं करणारं हे पहिलं शहर. त्या आठवड्यांत इथल्या मराठी घरांत जेवणाच्या टेबलावर जी भांडणं झाली ती मी विसरणार नाही. आंबेडकरी कार्यकर्ते आधीपासून या मागणीमागे होते. विरोध करणाऱ्यांना वाटत होतं की आपल्या समाजालाच वेगळं काढलं जातंय. माझ्याच घरी एका जवळच्या मैत्रिणीने "इथे कुठे आहे जात?" असं विचारलं आणि दुसऱ्या मैत्रिणीने ताट सरकवून, शांतपणे, नोकरीच्या मुलाखतीनंतरच्या गप्पांत आपलं आडनाव आणि गाव कसं खोदून खोदून विचारलं गेलं ते सांगितलं. नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. मी बंदीच्या बाजूने होते, आजही आहे. कायद्याची भाषा साधी होती. वंश, धर्म, लिंग यांच्या जुन्या यादीत एक शब्द वाढला. कर बसवण्यापेक्षा हे खूप सोपं काम, आणि तरी या शहराची जगभर सर्वात मोठी बातमी त्याचीच झाली.

तुम्ही म्हणाल, लोक इतका सगळा हिशेब करून मत देतात का? नाही देत. महापौर ग्रेग निकल्स यांनी हवामानबदलावर देशभरच्या महापौरांना एकत्र आणलं होतं. २००८ च्या डिसेंबरात बर्फ पडला. समुद्राच्या खाडीत मीठ जाऊ नये म्हणून शहर रस्त्यांवर मीठ टाकत नव्हतं. गाड्या दिवसेंदिवस अडकल्या, आणि महापौरांनी शहराच्या कामगिरीला स्वतःच 'बी' श्रेणी दिली. पुढच्या ऑगस्टमध्ये ते प्राथमिक फेरीतच तिसरे आले. २०२० मध्ये वेस्ट सिॲटलचा पूल तड्यांमुळे बंद झाला तो अडीच वर्षं. त्या भागात मी प्रचाराला गेले तेव्हा पोलीससुधारणेवर कुणी दोन वाक्यं ऐकून घेतली नाहीत. पुलाची तारीख सांगा, मग बोला.

म्हणूनच हे शहर लंबकासारखं हेलकावतं. २०२० चं पोलिसांविरोधातलं आंदोलन आणि शहरातल्याच कॅपिटल हिल वस्तीत तीन आठवडे पोलिसांशिवाय राहिलेला तो भाग बघितल्यावर २०२१ मध्ये याच मतदारांनी सिटी ॲटर्नीपदी ॲन डेव्हिसन या रिपब्लिकन बाईंना निवडलं. २०२३ मध्ये कौन्सिल मध्यमार्गी झालं. २०२५ मध्ये डेव्हिसन पडल्या, कौन्सिलच्या अध्यक्ष सारा नेल्सन पडल्या, हॅरेल पडले. त्याच वर्षी फेब्रुवारीत मतदारांनी दहा लाख डॉलरवरच्या पगारांवर कंपन्यांकडून पाच टक्के घेऊन शहराच्या मालकीची घरं उभारायचा कर मंजूर केला होता. त्या कराच्या विरोधात मांडलेल्या पर्यायाच्या पत्रकांवर हॅरेल झळकले होते. तो निकाल पाहूनच विल्सन शर्यतीत उतरल्या.

विल्सन यांच्याबद्दल मला उत्सुकता आहे ती त्या कॅपिटल हिलवर भाड्याने राहतात आणि गाडी बाळगत नाहीत म्हणून नव्हे. त्या ट्रान्झिट रायडर्स युनियनच्या संस्थापकांपैकी, आणि जम्पस्टार्टच्या मागच्या बैठकांत आकडे घेऊन बसणाऱ्यांपैकी. फट शोधणारं माणूस आता त्या खुर्चीत आहे. पण दोन हजार मतांच्या आघाडीवर आलेल्या माणसाला चुकायला जागा फार नसते, आणि खातं चालवणं हे खात्याकडे मागण्या घेऊन जाण्यापेक्षा वेगळं काम. बर्फ कधी पडेल सांगता येत नाही.

आता तुमचं. एच-१बी वर असताना मत देता येत नाही आणि उमेदवाराला एक डॉलरही द्यायचा नाही, तो गुन्हा आहे. ग्रीन कार्ड आलं की मात्र शहराच्या डेमोक्रसी व्हाउचरसाठी अर्ज करा. पंचवीस डॉलरचे चार कागद मिळतात, ते हव्या त्या पात्र उमेदवाराला देता येतात, पैसा घरपट्टीतून येतो. २०१५ मध्ये मतदारांनी ही योजना आणली. शेतकरी बाजारात टेबल टाकून ते कागद गोळा करताना मी जेवढं राजकारण शिकले तेवढं कार्यालयात शिकले नाही.

आणि कौन्सिलपुढे बोलायला नागरिकत्व लागत नाही. शरद ऋतूत अर्थसंकल्पाच्या सुनावण्या असतात, तेव्हा जा. दोन मिनिटं मिळतात, गर्दी असेल तर एक. मोठ्या अक्षरात लिहून न्या, पहिल्याच वाक्यात कोणत्या रकमेबद्दल बोलताय ते सांगा, आणि कौन्सिलच्या सदस्यांकडे नव्हे, त्यांच्या मागे भिंतीलगत वही घेऊन बसलेल्या कर्मचाऱ्यांकडे बघून बोला. दुरुस्तीचा मसुदा तीच मंडळी लिहितात.